तंबाखूच्या पानाचा धडा

तंबाखू म्हटली की आम्हां डॉक्टरांच्या डोळ्यांपुढे मुखाचा कर्करोग उभा राहतो. निपाणी जवळ असल्याने बेळगावकरांना हे पीक अपरिचित नाही. तथापि विषाणूशास्त्राचा उगमही याच पिकाच्या रोगात आहे. १८९८ साली बायेरिंक यांनी तंबाखूच्या मोझॅक रोगावरूनच विषाणूची कल्पना मांडली.

वनस्पतीला प्रतिपिंडे नाहीत, शरीरभर फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. प्रत्येक पेशीने आपले रक्षण आपणच करावयाचे. निकोटियाना ग्लुटिनोझा या रानटी जातीतील ‘एन’ जनुकाचे प्रथिन मोझॅक विषाणूची प्रतिकृती घडविणाऱ्या विकराचा अंश ओळखते आणि बाधित पेशी आत्मनाश पत्करतात. पानावर मृत ठिपके उरतात, झाड वाचते. मात्र तापमान २८ अंशांपलीकडे गेले की हे संरक्षण ढासळते.

दुसरा उपाय अधिक सूक्ष्म आहे. पेशी विषाणूच्या आरएनएचे तुकडे करते आणि त्यांच्याच खुणेने उरलेला आरएनए शोधून नष्ट करते. हे तुकडे हॅमिल्टन व बॉलकोम्ब यांना १९९९ साली वनस्पतींतच प्रथम आढळले. आरएनए-निःशब्दनाच्या याच तत्त्वावरील पहिले औषध, पॅटिसिरान, २०१८ साली अमेरिकेत आनुवंशिक अमायलॉइड विकारासाठी मान्य झाले.

म्हणून ‘हा आपला विषय नव्हे’ असे म्हणून कृषिसंशोधनाकडे पाठ फिरविणे मला अनुचित वाटते. आपल्या व्यासपीठावर वर्षातून एकदा तरी वनस्पतिरोगतज्ज्ञास पाचारण करावे. तंबाखू रुग्णाच्या मुखापासून दूर ठेवावी. तिच्या पेशीकडून मात्र शिकत राहावे.