न दुखणारी गाठ



‘दुखत नाही ना, मग राहू दे,’ हे वाक्य आपल्या घरांत किती सहज उच्चारले जाते! गुडघा दुखला की आपण तेल चोळतो, दाढ ठणकली की दवाखाना गाठतो. स्तनातील कर्करोगाची गाठ मात्र सुरुवातीस बहुधा दुखत नाही. म्हणूनच ती महिनोन्महिने पदराआड राहते. ‘आता या वयात कसली तपासणी?’ हा समज तर अधिकच घातक. कारण वयाबरोबर या आजाराची जोखीम वाढत जाते.

पाळी थांबलेल्या स्त्रियांनी महिन्याचा एक दिवस ठरवून घ्यावा. पौर्णिमा किंवा निवृत्तिवेतनाचा दिवस सहज लक्षात राहतो. पाळी सुरू असलेल्या लेकीसुनांनी ती संपल्यानंतरचे दिवस निवडावेत.

प्रथम उजेडात आरशासमोर उभे राहावे. हात खाली सोडून, मग कमरेवर ठेवून आणि शेवटी वर उचलून पाहावे. खांदा आखडला असेल तर जमेल तितकाच उचलावा. आकारात नवा फरक, त्वचेला खळी, संत्र्याच्या सालीसारखा खरखरीतपणा, नव्याने आत ओढले गेलेले स्तनाग्र, त्यातून रक्तमिश्रित स्राव किंवा न भरणारी जखम दिसते का, ते न्याहाळावे.

नंतर उताणे निजावे. उजव्या खांद्याखाली घडी घातलेली चादर ठेवून उजवा हात डोक्याखाली घ्यावा. डाव्या हाताच्या मधल्या तीन बोटांच्या पेरांनी लहान लहान वर्तुळे करीत, आधी हलका, मग मध्यम, मग थोडा अधिक दाब द्यावा. गळ्याच्या हाडापासून स्तनाखालच्या घडीपर्यंत आणि छातीच्या मध्यापासून काखेपर्यंत एकही जागा सोडू नये. मग दुसरी बाजू.

ज्यांच्या घरी अंथरुणाला खिळलेली आई किंवा सासूबाई आहेत, त्यांनी अंग पुसताना, त्यांची अनुमती घेऊन, हे बदल पाहावेत. संकोच दोघींनाही वाटेल. तो स्वाभाविक आहे, परंतु त्याची किंमत फार मोठी असू शकते.

मात्र स्वतःची तपासणी वैद्यकीय तपासणीची जागा घेऊ शकत नाही. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ पासून दीड लाखांहून अधिक स्त्रियांचा वीस वर्षे अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी हाताने केलेल्या तपासणीमुळे पन्नाशीपुढील स्त्रियांमध्ये या आजाराचे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटल्याचे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. यंत्र नव्हते, होते ते शिकलेले हात. म्हणून वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घ्यावे आणि मॅमोग्राफीविषयी त्यांचा सल्ला विचारावा.

काही वेगळे जाणवले तर घाबरू नये. बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण ते ठरवण्याचे काम आपले नव्हे. आठ दिवसांच्या आत कोल्हापुरातील छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे आपल्या सीपीआरमध्ये, किंवा जवळच्या शल्यचिकित्सकांकडे जावे. सुई टोचल्याने गाठ पसरते, या भीतीपोटी तपासणी टाळू नये. उपचारांच्या खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची चौकशी करावी.

आयुष्यभर घरातल्या साऱ्यांच्या कपाळाला हात लावून ज्यांनी ताप पाहिला, त्या हातांनी महिन्यातून दहा मिनिटे स्वतःचीही विचारपूस करावी, एवढीच विनंती.