आधी दगड, मग टाकी

तीस दिवसांत कादंबरी लिहायची आहे, असे कुणाला सांगितले तर समोरचा माणूस 'कशाबद्दल?' असे विचारत नाही. तो विचारतो, 'कशाला?' गेल्या नोव्हेंबरात हा प्रश्न मी इतक्या जणांकडून ऐकला की त्याचे उत्तर मराठी विभागाच्या पानावर एकदाच सविस्तर लिहून टाकावे असे ठरवले. हे उत्तर माझ्यापुरते नाही. आपल्या शाळेत चोरून कविता करणारे, वहीच्या मागच्या पानावर गोष्ट सुरू करून तिसऱ्या दिवशी ती फाडणारे कॅडेट कमी नाहीत. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

आधी उपक्रमाची ओळख करून देतो. १९९९ साली अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को परिसरात ख्रिस बेटी नावाच्या तरुणाने काही मित्रांना गोळा केले. एकूण २१ जण जमले आणि एका महिन्यात प्रत्येकाने एक कादंबरी लिहायची असे ठरले. पहिल्या वर्षी महिना जुलै होता, दुसऱ्या वर्षापासून नोव्हेंबर झाला. नियम एवढाच, की ३० दिवसांत ५०,००० शब्द लिहायचे. म्हणजे रोज सुमारे १,६६७. परीक्षक नाही. लिहून पूर्ण होणे हेच बक्षीस. 'नॅनोरायमो' या नावाने हा उपक्रम जगभर पसरला. तो चालवणारी संस्था २०२५ साली बंद झाली, पण या आव्हानाला कार्यालय लागतच नाही. एक वही, एक पेन आणि भिंतीवरचे कॅलेंडर पुरते.

शाळकरी मुलांना या उपक्रमात आपले लक्ष्य आपणच ठरवण्याची मुभा होती. मी २०,००० शब्द ठरवले. दिवसाला ६६७. माझ्या वहीच्या एका पानावर साधारण १९० शब्द बसतात, म्हणजे रोज साडेतीन पाने. हात चालू राहिला तर चाळीस-पंचेचाळीस मिनिटांचे काम. रात्रीची प्रेप संपल्यापासून लाइट्स आऊटपर्यंत एवढा वेळ प्रत्येकाकडे असतो. तो आपण कशात घालवतो हे मी इथे लिहीत नाही, हाउस मास्टरही हे पान वाचतात.

आता टीकाकारांकडे वळू. ते चार प्रकारचे भेटले.

पहिले चेष्टा करणारे. डॉर्ममध्ये वही उघडली की 'राइटर साब आ गए' असा पुकारा व्हायचा. हे लोक निरुपद्रवी असतात. त्यांना उत्तर द्यायचे नसते, फक्त लिहीत राहायचे असते. दहाव्या दिवशी त्यांचा आवाज आपोआप कमी झाला आणि विसाव्या दिवशी त्यातलाच एक जण विचारू लागला, 'आज कितने हुए?'

दुसरे हिशेब करणारे. एका सीनियरने मला विचारले, 'एन.डी.ए.च्या पेपरात कादंबरीला किती मार्क असतात?' प्रश्न वाजवी आहे. लेखी परीक्षेत शून्य मार्क, हे मान्य. पण त्याच परीक्षेनंतरच्या एस.एस.बी. मुलाखतीत मानसशास्त्राच्या चाचणीत चित्र ३० सेकंद दाखवतात आणि ४ मिनिटांत त्यावर गोष्ट लिहायला सांगतात. एकामागून एक अशी बारा. तिथे 'मला सुचत नाही' म्हणून चालत नाही. ज्याने महिनाभर रोज, सुचो न सुचो, साडेतीन पाने लिहिली आहेत त्याला त्या चार मिनिटांची निदान भीती वाटणार नाही. तरी मी कादंबरी त्यासाठी लिहिली नाही. आपण क्रॉस कंट्री पळतो ती काय फक्त मेडिकलमध्ये पास होण्यासाठी?

लष्कर आणि लेखणी यांचे वैर आहे असे मानणाऱ्यांसाठी एक माहिती. लिओ टॉलस्टॉय कॉकेशसमध्ये रशियन तोफखान्यात कॅडेट म्हणून दाखल झाला होता. त्याची 'बालपण' ही पहिली कादंबरी १८५२ साली प्रसिद्ध झाली, ती तो तिथे लष्करात असतानाच.

तिसरे, भाषेवरून नाउमेद करणारे. 'मराठीत? इथे कोण वाचणार?' या प्रश्नाने मात्र मला खरोखर थांबवले. कारण तो खरा आहे. आपल्या शाळेत वर्गात इंग्रजी आणि मैदानावर हिंदी चालते. मराठी उरते ती रविवारच्या फोनपुरती. 'जेवलास का', 'थंडी आहे का', 'पैसे पोचले का' एवढ्या तीन वाक्यांत आमची मातृभाषा आटोपते. सहावीत इथे आलो तेव्हा माझ्याकडे जेवढी मराठी होती, तेवढीच अकरावीत आहे की तीही कमी झाली, हे मला कादंबरी लिहायला बसेपर्यंत माहीत नव्हते.

माझ्या कादंबरीतला मुलगा बीडकडचा आहे. दिवाळी झाली की त्याचे आईवडील ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत तो आजीजवळ राहतो. मी त्याच भागातला. कोयता म्हणजे नुसते हत्यार नव्हे, नवराबायकोच्या जोडीलाही कोयता म्हणतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या पैशाला उचल म्हणतात. हे शब्द इंग्रजीत लिहायचे तर प्रत्येकाला एक परिच्छेद लागेल. मराठीत लिहिताना ते सरळ येऊन बसतात. 'इथे कोण वाचणार' याचे माझे उत्तर असे, की ज्या भाषेत ही गोष्ट घडते त्या भाषेत ती आधी लिहिली तर जावी. वाचणारे पुढे येतील. या शाळेत नाही आले तर गावात येतील.

चौथे टीकाकार सगळ्यांत जड. त्यांचे म्हणणे विचार करून केलेले असते. एका सरांनी मला सांगितले, 'आधी शंभर कादंबऱ्या वाच. घाईने लिहिलेले घाईनेच विसरले जाते. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.' असेच मत मोठमोठ्यांनीही मांडले आहे. लॉरा मिलर या अमेरिकी समीक्षिकेने २०१० साली या उपक्रमावर एक लेख लिहिला होता. जगात लिहू पाहणारे पुष्कळ आहेत आणि वाचणारे कमी पडत आहेत, तेव्हा कौतुक करायचेच तर वाचकांचे करा, असा त्याचा रोख होता.

या आक्षेपातला अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो. वाचल्याशिवाय लिहिता येत नाही. पण घाईचा मुद्दा जरा तपासून पाहू.

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, ती अवघ्या पाच दिवसांत. भालचंद्र नेमाडे यांची 'कोसला' १९६३ साली आली तेव्हा ते पंचविशीत होते आणि तिचे लेखन काही महिन्यांचे नव्हे, थोड्याच आठवड्यांचे होते. दोस्तोएव्हस्कीने १८६६ साली 'जुगारी' ही कादंबरी २६ दिवसांत पूर्ण केली. त्याने प्रकाशकाशी असा करार केला होता की मुदत चुकली असती तर पुढची नऊ वर्षे त्याच्या लेखनावर प्रकाशकाचा हक्क गेला असता. अ‍ॅना नावाच्या लघुलेखिकेला त्याने मजकूर सांगितला, तिने तो उतरवला, आणि पुढे दोघांचे लग्न झाले.

या तिघांपैकी कुणाचेही पुस्तक विसरले गेलेले नाही. म्हणजे थोड्या दिवसांत लिहिलेले टिकत नाही, हे खरे नाही. पण यातून महिन्यात कुणीही अमर होतो, असाही अर्थ निघत नाही. साने गुरुजींनी पाच दिवसांत लिहिले, पण आई त्यांच्या मनात जन्मभर होती. जुगाराची ओढ दोस्तोएव्हस्कीने स्वतः भोगलेली होती. पुस्तक मनात जमा व्हायला वर्षे लागतात, कागदावर उतरायला दिवस पुरू शकतात. नोव्हेंबरचे आव्हान या दुसऱ्या कामापुरते आहे. त्याहून मोठा दावा ते करत नाही.

आणि उतरल्यानंतरचे काम वेगळेच. एरिन मॉर्गेनस्टर्न या लेखिकेच्या 'द नाइट सर्कस' या कादंबरीचा पहिला खर्डा या उपक्रमात लिहिला गेला, पण पुस्तक २०११ साली आले, मध्ये कित्येकदा पुनर्लेखन झाल्यावर. टाकीचे घाव तिनेही सोसलेच. पण घाव घालायला आधी खाणीतून दगड बाहेर काढावा लागतो. दगडच नसेल तर टाकी हवेत चालवायची का? सरांच्या म्हणीला माझे एवढेच उत्तर आहे, आणि ते मी आदराने देतो.

आपल्याला कळेल अशा शब्दांत सांगायचे तर, ड्रिल आणि क्रॉस कंट्री यांत फरक आहे. ड्रिलमध्ये हात एक इंच वर गेला की उस्ताद जागच्या जागी थांबवतात, कारण तिथे अचूकता हेच काम असते. क्रॉस कंट्रीत कोणी मधेच थांबवून 'तुझी मान वाकडी आहे' असे सांगत नाही. आधी रेषा ओलांड, मग बोलू. पहिला खर्डा ही क्रॉस कंट्री आहे. आपण तिथे ड्रिल करायला जातो. एक वाक्य लिहितो, खोडतो, पुन्हा लिहितो, आणि पहिल्याच पानावर 'थम' होतो. तेव्हा पाचवा आणि सगळ्यांत कडक टीकाकार आपल्याच डोक्यात बसलेला असतो. बाहेरच्या चौघांना गप्प करणे सोपे आहे. याला मात्र महिनाभराची रजा द्यावी लागते, सहीशिक्क्यासह.

मग टीकेचे करायचे काय? मी एक कसोटी वापरली. ऐकलेल्या वाक्यातून उद्या बसून करण्यासारखे काही निघते का? 'तुला जमणार नाही' यातून काही निघत नाही. तो निकाल आहे, आणि खटला चालू असताना निकाल ऐकायचा नसतो. उलट रविवारी फोनवर मी आजीला विचारले, 'आजी, उसाची मोळी कशानं बांधतात गं?' ती म्हणाली, 'कशानं म्हंजी? वाढ्यानंच. दोर कुठनं आणायचा रानात?' वाढे म्हणजे उसाचा हिरवा शेंडा. पुढची दोन पाने त्या उत्तरावर उभी राहिली. आजीने माझी कादंबरी चांगली की वाईट हे सांगितले नाही. तिने मला लिहायला साहित्य दिले. अशी माणसे महिनाभर जवळ ठेवावीत. संतांनी निंदकाला शेजारी घर द्यायला सांगितले आहे, हे खरे. पण शेजारी म्हणजे शेजारीच. कच्च्या वहीवर त्याला बसवायला त्यांनी सांगितलेले नाही.

ज्यांना पुढच्या नोव्हेंबरात हे करून पाहायचे आहे त्यांच्यासाठी थोड्या सूचना. लक्ष्य झेपेल तेवढे ठेवा, १०,००० शब्दही चालतील. मराठीत लिहिणाऱ्यांनी इंग्रजीच्या आकड्याशी बरोबरी करू नये. आपले प्रत्यय शब्दालाच चिकटतात. 'शेताकडच्या' या एका शब्दासाठी इंग्रजीत चार शब्द खर्ची पडतात, त्यामुळे आपले दहा हजार त्यांच्यापेक्षा भारी भरतात. वही महिनाभर कुणालाही दाखवू नका, कौतुक करणाऱ्यालासुद्धा नाही. कौतुकानेही हात थांबतो. स्पर्धा किंवा परीक्षा असेल त्या दिवसाची पाने रविवारी भरून काढा. अभ्यासाचा वेळ कापून लिहू नका, नाहीतर दुसऱ्या प्रकारच्या टीकाकाराला आपणच पुरावा देतो. आणि रोज वाचा, दहा पाने का होईना. पाणी आटलेल्या विहिरीवर मोट चालत नाही.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे महिना संपल्यावर टीकाकाराची रजा रद्द करा. ही पायरी जो टाळतो त्याला टीकेबद्दल तक्रार करण्याचा हक्क नाही. ३० नोव्हेंबरला मी २०,००० चा आकडा ओलांडला. वही महिनाभर ट्रंकेत ठेवली आणि जानेवारीत, शंभर कादंबऱ्या वाचायला सांगणाऱ्या त्याच सरांच्या हातात दिली. त्यांनी पहिली बारा पाने लाल शाईने उभी काटली आणि तेराव्या पानाच्या समासात लिहिले, 'गोष्ट इथून सुरू होते.' नोव्हेंबरात हे वाक्य ऐकले असते तर मी तेराव्या पानापर्यंत पोहोचलोच नसतो. जानेवारीत मात्र त्याच वाक्याने मला कादंबरीचे दार दाखवले. टीका तीच असते. ती कधी ऐकायची, हे ठरवणे लिहिणाऱ्याच्या हातात असते.

माझी कादंबरी चांगली झाली आहे का? अजून नाही. सध्या ती तेराव्या पानापासून दुसऱ्यांदा लिहितो आहे, या वेळी सावकाश, वाक्य खोडत, ड्रिलच्या शिस्तीने. शंभरातल्या अकरा कादंबऱ्याही वाचून झाल्या आहेत. नोव्हेंबर दरवर्षी येतो आणि त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. मराठी विभागाच्या संपादकांना एवढीच विनंती, की पुढच्या अंकात या पानासाठी थोडी जास्त जागा राखून ठेवावी.