पाण्यात विरघळलेला उजेड

अतिनील दिव्याखाली धरलेली एक इवलीशी कुपी हिरवी चमकते, शेजारची लाल. दोन्हींत पदार्थ एकच, कॅडमियम सेलेनाइड. फरक फक्त कणांच्या आकाराचा. अडीच-तीन नॅनोमीटरचा कण हिरवा, सहाच्या आसपासचा लाल. हेच क्वांटम डॉट. त्यांच्या शोधासाठी आणि निर्मितीसाठी बावेंडी, ब्रूस आणि एकिमोव्ह यांना २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.

पण उत्तम प्रतीचे कण सहसा तेलकट द्रावणात तयार होतात. पाण्याशी त्यांचे जमत नाही, आणि ज्या पेशी त्यांनी उजळून पाहायच्या त्या तर पाण्यानेच भरलेल्या. १९९८ साली अमेरिकेतल्या दोन गटांनी ही अडचण सोडवली. एकाने कणांवर सिलिकाचे कवच चढवले, दुसऱ्याने मरकॅप्टोॲसिटिक आम्लाचा थर दिला. या आम्लाचे गंधकाचे टोक कणाला धरते, दुसरे पाण्याकडे राहते. सिलिकाचे कवच चढवलेल्या कणांमुळे उंदराच्या पेशीत केंद्रक हिरवे आणि तंतू लाल, असे एकाच वेळी दिसले. नेहमीची रंगद्रव्ये लवकर विटतात. हे कण तग धरतात.

कॅडमियम मात्र विषारी. म्हणून इंडियम फॉस्फाइड आणि कार्बनच्या कणांवर काम सुरू आहे. रुग्णाच्या शरीरात सोडायचा उजेड आधी निर्धोक हवा, तेजस्वी नंतर. वाचकहो, या क्षेत्रातली प्रत्येक नवी बातमी याच कसोटीवर पारखून घ्या.