पिंजऱ्यात उतरण्याआधी कागद वाचा

गेल्या आठवड्यात महाडच्या एसटी स्टँडसमोर चहा पिताना एका ओळखीच्या गृहस्थांनी मोबाईल माझ्यापुढे सरकवला. "भाई, एवढं जरा वाचून बघा. पोराने परस्पर भरून टाकलंय." पोरगा १९ वर्षांचा. आयटीआय झालंय, एमआयडीसीत एका कारखान्यात अप्रेंटिस आहे. वडील बारा वर्षं कुवेतला गाडी चालवून परत आलेले. पोरगा बाजूलाच उभा होता, मान खाली घालून, पण चेहऱ्यावर हट्ट दिसत होता.

मोबाईलवर १४ पानांचा इंग्रजी करारनामा होता. मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या, म्हणजे एमएमएच्या, एका रिॲलिटी शोच्या ऑडिशनसाठी. वर नोंदणी फी वेगळी. शोचं नाव इथे देत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. दासगाव, वहूर, बिरवाडी, पोलादपूर, कुठल्याही मोहल्ल्यात इशानंतर कट्ट्यावर जाऊन बसा. क्रिकेटचा स्कोअर बघणारी पोरं कमी झालीत. खबीब नूरमगोमेदोव आणि इस्लाम माखाचेव्हच्या क्लिप चालू असतात. आपल्यासारखं नाव, लढतीनंतर सजदा, तोंडात अल्हम्दुलिल्लाह आणि समोरचा चीत. पोरांना हे भावतं, यात नवल नाही.

ज्यांनी हा प्रकार बघितला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. जाळीच्या आठकोनी पिंजऱ्यात दोघं जण उतरतात. ठोसा, लाथ, गुडघा, कोपर, कुस्तीची पकड, गळा आवळणं, सांधा पिरगळणं, यातलं बरंचसं चालतं. डोळ्यात बोट, चावा, जांघेत मार चालत नाही. हातात पातळ ग्लोव्हज असतात, बोटं उघडी. पाच मिनिटांचा एक राऊंड, असे साधारण तीन. समोरचा जमिनीवर पडला तरी रेफरी थांबवेपर्यंत मारता येतं. आयांना धडकी भरते ती इथेच.

आपल्याकडे याचा मोठा रिॲलिटी शो झाला तो फेब्रुवारी २०२३ मध्ये. नाव 'कुमिते वन वॉरियर हंट', एमएक्स प्लेअरवर, फुकट बघायला मिळणारा. सूत्रसंचालक सुनील शेट्टी, निर्मिती तोयम स्पोर्ट्सची, देशभरातून निवडलेले १६ लढवय्ये आणि दोन प्रशिक्षक, भरत खंडारे आणि पवन मान. त्याआधी २०१२ मध्ये संजय दत्त आणि राज कुंद्रा यांनी मुंबईत 'सुपर फाइट लीग' मोठ्या गाजावाजात सुरू केली होती. काही वर्षांत तिचा आवाज विरून गेला. म्हणजे या खेळात पैसा येतो, झगमगाट येतो आणि जातोही. पोरगा मात्र तिथेच राहतो, गुडघा धरून.

या शोचा साचा अमेरिकेतून आला, आणि तो का जन्मला हे कळलं तर करारनाम्याची १४ पानं कशासाठी असतात हेही कळतं. यूएफसी ही आज जगातली सगळ्यात मोठी एमएमए कंपनी. २००१ मध्ये फर्टिटा बंधूंनी ती फक्त २० लाख डॉलरला घेतली आणि पुढची काही वर्षं सतत तोट्यात चालवली. बंद करावी की विकावी अशी वेळ आली तेव्हा त्यांनी शेवटचा डाव टाकला. स्वतःच्या खिशातून खर्च करून 'द अल्टिमेट फायटर' नावाचा शो काढला. जानेवारी २००५ मध्ये तो सुरू झाला. होतकरू लढवय्यांना एका घरात कोंडायचं, रोज सराव, मधूनमधून लढत, हरला तो बाहेर. ९ एप्रिल २००५ ला फॉरेस्ट ग्रिफिन आणि स्टीफन बोनर यांची अंतिम लढत इतकी गाजली की कंपनीचं नशीब पालटलं. २०१६ मध्ये तीच यूएफसी सुमारे ४०० कोटी डॉलरला विकली गेली.

आता त्या घरात काय होतं ते बघा. मोबाईल नाही, टीव्ही नाही, घरच्यांशी बोलणं नाही. दारू मात्र हवी तेवढी. घरात होणाऱ्या लढतींचे पैसे मिळणार नाहीत हे कळल्यावर पहिल्याच हंगामात पोरांनी कुरकुर केली, तेव्हा कंपनीच्या प्रमुखाने सगळ्यांना उभं करून फैलावर घेतलं. तुम्हाला फायटर व्हायचंय की नाही, असा सवाल. ते भाषण आजही प्रेरणादायी म्हणून रीलमध्ये फिरतं. आपली पोरंही ते स्टेटसला ठेवतात. मजुरी मागणाऱ्याला झापलं, ही त्यातली मूळ गोष्ट कुणी सांगत नाही. शिवाय घरातल्या त्या लढती अधिकृत रेकॉर्डमध्ये धरल्याच जात नाहीत. प्रदर्शनी लढती म्हणून सोडून देतात. मार खरा, नोंद नाही.

त्या पहिल्या हंगामातलं लोकांना काय आठवतं? अंतिम लढत, आणि ख्रिस लेबेनचं रडणं. लेबेनचे वडील तो लहान असतानाच घर सोडून गेले होते. दारूच्या भरात दुसऱ्या स्पर्धकाने त्याला बापावरून घाण शिवी दिली. तो रडत घराबाहेर झोपायला गेला, तर झोपेत त्याच्यावर पाण्याचा पाइप सोडला. मग त्याने दारं-खिडक्या फोडल्या. कॅमेरा चालू होताच. एका माणसाची आयुष्यभराची जखम हा त्या हंगामातला सगळ्यात चालणारा माल ठरला.

त्या पोराच्या करारनाम्यातलं नववं पान मी त्याच्या वडिलांना मोठ्याने, मराठी करून, वाचून दाखवलं ते यासाठीच. स्पर्धकाचं नाव, चेहरा, आवाज आणि "जीवनकथा" कायमस्वरूपी, जगभर, कुठल्याही माध्यमात वापरायचा हक्क निर्मात्याचा. चित्रण हवं तसं कापायचा, जोडायचा, त्यात नाट्य घालायचा हक्क निर्मात्याचा. बदनामी झाली असं वाटलं तरी दावा करायचा नाही. रिॲलिटी शोच्या करारात अशी कलमं सर्रास असतात, यात बेकायदा काही आहे असं मी म्हणत नाही. पण शोवाल्याला लढत जेवढी हवी असते त्याहून जास्त पोराची गोष्ट हवी असते, हे त्यावरून कळतं. लढत पंधरा मिनिटांची. बाकी सगळे तास भांडण, अश्रू आणि टोमण्यांनी भरायचे.

आणि इथे आपल्याला जरा जास्त विचार करावा लागतो. आपल्या पोराची गोष्ट म्हणजे काय दाखवतील? चांगला दिग्दर्शक असेल तर एमआयडीसीतला कामगार, आईची दुआ, सावित्रीचा पूर. २२ जुलै २०२१ ला महाड पाण्याखाली असताना लोकांच्या खांद्याला खांदा लावून माणसं बाहेर काढणारी पोरं याच मोहल्ल्यांतली होती, ती ताकद दाखवली तर सोन्याहून पिवळं. पण दुसरा साचा अधिक सोपा आणि अधिक खपणारा आहे. दाढीवाला, रागीट, ओरडणारा. दहा सेकंदांची क्लिप, मागे ढोल आणि खाली नाव. आजच्या वातावरणात ती क्लिप कुठल्या ग्रुपवर, कुठल्या ओळीसोबत फिरेल हे तुम्हाला मी सांगायला नको. पोरगा परत आल्यावर त्याच एमआयडीसीत नोकरी मागायला जाणार आहे, हेही लक्षात घ्या.

ही नुसती भीती नाही, जगातल्या सगळ्यात मोठ्या लढतीत हे घडलंय. ६ ऑक्टोबर २०१८ ला खबीब आणि कोनोर मॅकग्रेगर लास वेगासला लढले. त्याआधी अनेक महिने मॅकग्रेगर खबीबच्या दीनवर, देशावर, वालिदांवर वाटेल ते बोलत होता. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने खबीब बसलेल्या बसवर हातगाडी फेकली होती. गुन्हा दाखल झाला, पण तेच चित्रण पुढे लढतीच्या जाहिरातीत वापरलं गेलं. अपमानाची तिकिटं विकली गेली. सुमारे २४ लाख लोकांनी पैसे भरून ती लढत बघितली, यूएफसीचा विक्रमच. खबीब जिंकला, पण जिंकल्यावर संतापून जाळीवरून उडी मारून समोरच्या गोटावर धावून गेला. ५ लाख डॉलर दंड आणि नऊ महिन्यांची बंदी. नंतर त्याने स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागितली. एवढा सबर असलेला माणूस घसरला, तर कॅमेऱ्यासमोर दिवसेंदिवस डिवचलेला आपला १९ वर्षांचा पोरगा काय करेल?

आमचा पोरगा इथे पहिल्यांदा बोलला. "चाचा, मग भरत खंडारे कसा गेला?"

प्रश्न योग्यच होता. खंडारे हा आपल्याच महाराष्ट्रातला. भारतातून जाऊन यूएफसीत लढलेला पहिला खेळाडू. तो कुठल्या शोमधून गेला नाही. आधी कुस्ती, मग वर्षानुवर्षं लहान-मोठ्या लढती, सुपर फाइट लीगचा पट्टा, आणि मग २५ नोव्हेंबर २०१७ ला शांघायमध्ये यूएफसीची लढत. समोर चीनचा १९ वर्षांचा सोंग यादोंग. पहिल्याच राऊंडमध्ये गळ्याला पकड बसली आणि लढत संपली. यूएफसीत त्याला दुसरी लढत मिळाली नाही. सोंग मात्र पुढे जगातल्या पहिल्या फळीत गेला. यात खंडारेची हिंमत कमी होती असं नाही. फरक होता तयारीच्या व्यवस्थेचा. चीनमध्ये सोंगसारखी पोरं लहान वयापासून क्रीडाशाळेत राहून शिकतात. आपल्याकडे खंडारेसारख्याला सगळं स्वतःच उभं करावं लागतं.

उत्तराखंडचा अंशुल जुबली फेब्रुवारी २०२३ मध्ये 'रोड टू यूएफसी' जिंकून करारबद्ध झाला. पण ती सरळ बाद फेरीची स्पर्धा होती, तिथली प्रत्येक लढत त्याच्या नावावर नोंदली गेली. उत्तर प्रदेशातल्या बुढाण्याची पूजा तोमर जून २०२४ मध्ये यूएफसीत लढत जिंकणारी पहिली भारतीय महिला ठरली. ती आधी वुशूची राष्ट्रीय विजेती होती. दोघांकडे आधी पक्का खेळ होता, पडदा नंतर आला.

आणि वर पोहोचल्यावरही पैशाचं गणित सरळ नाही. कमी मोबदला आणि बांधून ठेवणारे करार याविरुद्ध कुंग ली आणि इतर लढवय्यांनी २०१४ मध्ये यूएफसीवर अमेरिकेत दावा लावला. दहा वर्षांनी, २०२४ मध्ये, कंपनीने ३७.५ कोटी डॉलरची तडजोड मान्य केली. तिथे निदान कोर्टात जाणारे होते, वकील होते. इथे तुमच्या मागे कोण?

दीनचा मुद्दा आईने काढला होता, तो टाळता येणार नाही. चेहऱ्यावर मारण्याची मनाई हदीसमध्ये आलेली आहे. मक्केतल्या राबेता आलमे इस्लामीच्या फिक्ह अकादमीने १९८७ मध्ये बॉक्सिंग नाजायज असल्याचा निर्णय दिला होता, कारण त्यात समोरच्याला इजा करणं हाच हेतू असतो. कुस्तीबद्दल आपल्याकडे आक्षेप नाही. रुकाना पहिलवानाशी रसूलुल्लाह (स.) यांनी केलेल्या कुस्तीचा किस्सा आपण लहानपणापासून ऐकत आलोय. मी आलिम नाही, पोराने आपल्या मौलानांना विचारावं. खबीब करतो म्हणून चालतं, हे मात्र उत्तर होत नाही. शिवाय खबीबच्या गोष्टीतला शेवटचा भागही पोरांनी बघावा. जुलै २०२० मध्ये त्याचे वालिद आणि उस्ताद अब्दुलमनाप कोविडनंतरच्या आजारात वारले. ऑक्टोबरमध्ये खबीब आणखी एक लढत जिंकला, २९ पैकी २९, आणि वालिदांशिवाय लढणार नाही असा आईला शब्द दिलाय म्हणून हातातले ग्लोव्हज पिंजऱ्यातच काढून ठेवले. तेव्हा त्याच्यापुढे कोट्यवधी डॉलर उभे होते.

शरीराचं बोलायचं तर डोक्याच्या माराबद्दल सगळे बोलतात, वजन उतरवण्याबद्दल कुणी बोलत नाही. लढतीआधी हलक्या गटात बसण्यासाठी पोरं पाणी तोडतात, गरम वाफेत बसतात, दोन-तीन दिवसांत कित्येक किलो उतरवतात. डिसेंबर २०१५ मध्ये यांग जियान बिंग हा चिनी लढवय्या मनिलातल्या लढतीआधी असंच वजन उतरवताना गेला. वय २१. त्यानंतर त्या 'वन चॅम्पियनशिप' कंपनीने पाणी तोडून वजन कमी करण्यावर बंदी घातली. आपल्याकडच्या शोमध्ये हे कोण तपासतं? पोराच्या करारात वैद्यकीय खर्चाचं एकच वाक्य होतं. चित्रीकरणाच्या जागी प्रथमोपचार मिळेल. नंतर काय, कोरं. महामार्गावर अपघात झाला की आपल्या माणसाला पनवेल नाहीतर मुंबईला न्यायला किती वेळ लागतो, हे महाड-पोलादपूरवाल्यांना ठाऊक आहे. गावी परतल्यावर आठवड्याने चक्कर यायला लागली तर?

मग पोराने काय करावं, घरी बसावं? अजिबात नाही. अंगात रग आहे, शिस्त आहे, पहाटे फजरनंतर धावतो, सिगारेटला हात लावत नाही. असल्या पोराला नुसतं नाही म्हणून मारून टाकू नये. महाराष्ट्रात कुस्तीत आपल्या लोकांचं नाव काही आजचं नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या बोरामणीच्या एकाच शेख घराण्याने तीन महाराष्ट्र केसरी दिले, इस्माईल १९८० मध्ये, अप्पालाल १९९२ मध्ये, मुन्नालाल २००२ मध्ये. कुस्ती, ज्यूदो आणि बॉक्सिंगला शासनाची मान्यता आहे. जिल्हा, विभाग, राज्य अशी पायरी आहे, प्रमाणपत्र आहे, आणि ठरलेली पातळी गाठली तर शासकीय नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण आहे. ज्यूदो-कुस्तीत पक्का झालेला पोरगा उद्या एमएमएत जाऊ शकतो. उलटं होत नाही. २०२६ च्या आयची-नागोया आशियाई स्पर्धांत एमएमएला जागा मिळाली आहे, म्हणजे या खेळालाही पुढे देशाच्या संघाची वाट उघडू शकते. ती वाट निवड चाचणीतून जाईल, ऑडिशनमधून नाही. आपल्या जमातींनी मशिदीच्या हॉलमध्ये शिलाई-संगणकाचे वर्ग चालवले, चांगलं केलं. महाडला एक ज्यूदोची मॅट आणि आठवड्यातून दोनदा येणारा शिकलेला प्रशिक्षक, एवढा खर्च आपल्याला झेपणार नाही असं नाही. आखातातली आपली मंडळी यापेक्षा मोठ्या गोष्टींना पैसे पाठवतात.

पोरगा ऐकून घेत होता, पटलं की नाही सांगता येत नाही. १९ पूर्ण असल्यामुळे सहीला वालिदांची गरज नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. शेवटी तिथेच बसून आम्ही त्या कंपनीला त्याच्याच मेलवरून पाच ओळी लिहिल्या. नोंदणी फी कशाची आणि परत मिळते का? विमा किती रकमेचा, आणि चित्रीकरण संपल्यावर किती महिने चालू? लढती अधिकृत नोंदीत धरणार का? करारानंतर दुसरीकडे लढायला किती वर्षं बंदी? रोज घरी एक फोन आणि नमाजला वेळ मिळेल का? पाचवी ओळ आईने घरून फोनवर सांगितली.

आठवडा झाला. उत्तर आलेलं नाही. फी भरायची तारीख येत्या शुक्रवारी संपते, आणि तशी आठवण करून देणारे मेसेज मात्र रोज येतायत.