विश्लेषण : मधुमेही श्वानाचा आहार खिशाला परवडू शकतो का?

घरातला कुत्रा एकाएकी भांडेच्या भांडे पाणी पिऊ लागतो, वारंवार लघवी करतो आणि पोटभर खाऊनही खंगत जातो. पशुवैद्यक रक्तातील साखर तपासतात आणि मधुमेहाचे निदान होते. मग रोज दोन इंजेक्शने, तपासण्या आणि ‘मधुमेही श्वानांसाठी’ असे लिहिलेल्या महागड्या खाद्याचा खर्च समोर येतो. हे झेपणार नाही, असे समजून उपचारच थांबवणारे पालकही आहेत. मात्र या खर्चातील सगळ्याच बाबी सारख्या गरजेच्या नसतात.

श्वानांचा मधुमेह वेगळा कसा?

माणसांमध्ये सर्रास आढळणारा ‘टाइप २’ मधुमेह बराच काळ पथ्य आणि गोळ्यांवर आटोक्यात ठेवता येतो. श्वानांचा मधुमेह बहुतांशी ‘टाइप १’सारखा असतो. स्वादुपिंडात पुरेसे इन्सुलिन तयारच होत नाही. त्यामुळे साधारण दर १२ तासांनी, तेही बहुधा आयुष्यभर, इन्सुलिन टोचावे लागते. केवळ आहार बदलून हा आजार आटोक्यात येत नाही. आहाराचे काम इन्सुलिनला साथ देण्याचे असते. उपचार न मिळाल्यास मोतीबिंदू होऊन दृष्टी जाऊ शकते, रक्तात आम्ल साचून जीवही जाऊ शकतो.

मग खास खाद्य आवश्यक नाही का?

प्रत्येक श्वानाला नाही. सर्वांत महत्त्वाचे आहे ते सातत्य. रोज तेच अन्न, तेवढेच वजन आणि त्याच वेळी. दोन जेवणे आणि दोन इंजेक्शने यांची सांगड बसली की इन्सुलिनची मात्रा ठरवणे सोपे जाते. आज पाव वाटी, उद्या दोन भाकऱ्या असे झाले तर महागडे खाद्यही उपयोगी पडत नाही. श्वानाला मानवणारे, पोषणदृष्ट्या संपूर्ण असे साधे खाद्यही अनेकदा चालते. मात्र स्वादुपिंडाला सूज असेल, मूत्रपिंड बिघडले असेल किंवा वजन खूप घटले किंवा वाढले असेल, तर खाद्य पशुवैद्यकांनीच ठरवायला हवे.

पाकीट की घरचे अन्न?

दहा किलो वजनाच्या, नसबंदी झालेल्या प्रौढ श्वानाला दिवसाला अंदाजे ६०० कॅलरी लागतात. कोरड्या खाद्याच्या १०० ग्रॅममध्ये ३५० कॅलरी असतील तर रोज सुमारे १७० ग्रॅम, म्हणजे महिन्याला पाच किलो पुरते. पिशवीच्या किमतीपेक्षा हा रोजचा खर्च काढून तुलना करावी. खाद्य वाटीने न मोजता काट्यावर तोलावे. अंदाजाने घातलेले मूठभर जास्तीचे खाद्य साखरही वाढवते आणि खर्चही.

घरी शिजवायचे असेल तर उकडलेले बिनहाडाचे चिकन किंवा अंडे, मोजून घेतलेला भात किंवा ज्वारीची भाकरी आणि लाल भोपळा, दुधी, फरसबी अशा तंतुमय भाज्या हे सहज मिळणारे पदार्थ आहेत. आठवड्याचे अन्न एकदम शिजवून, समान वजनाचे डबे करून फ्रीजरमध्ये ठेवले तर गॅस वाचतो आणि प्रमाणही राखले जाते. पण ‘घरचे म्हणजे पौष्टिक’ असे गृहीत धरू नये. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी २०१३ मध्ये श्वानांसाठीच्या २०० घरगुती पाककृती तपासल्या. त्यांपैकी ९५ टक्के पाककृतींमध्ये किमान एक आवश्यक पोषकद्रव्य कमी होते. त्यामुळे कॅल्शियम आणि इतर पूरके किती द्यायची, हे पशुवैद्यकांकडून लिहून घ्यावे.

काय टाळायला हवे?

चहासोबतचे ग्लुकोज बिस्किट, गूळपोळी, पेढ्याचा तुकडा हे लाड बंद करावे लागतात. तळलेले आणि चरबीयुक्त मांस स्वादुपिंडाला घातक असते. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कोणत्याच श्वानाला देऊ नये. सर्वांत फसवा पदार्थ म्हणजे ‘शुगर फ्री’ गोळ्या-बिस्किटे. त्यांत झायलिटॉल असेल तर श्वानाची साखर काही मिनिटांतही धोकादायकरीत्या घसरू शकते आणि यकृत निकामी होऊ शकते.

बचत कुठे करू नये?

इन्सुलिन आणि सिरिंजमध्ये. पशुवैद्यकांच्या चिठ्ठीवर माणसांसाठीचे ‘एनपीएच’ इन्सुलिन श्वानांनाही वापरता येते. ते अत्यावश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादीत असल्याने त्याच्या किमतीवर सरकारी मर्यादा आहे. मात्र आपल्याकडे ४० आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतेचे इन्सुलिन मिळते. बाटली आणि सिरिंज यांची जोडी चुकली तर मात्रा अडीचपट कमी-जास्त होते. कुत्र्याने जेवण नाकारले तर नेहमीची पूर्ण मात्रा न देता आधी डॉक्टरांना फोन करावा. तो लडखडू लागला किंवा थरथरू लागला तर हिरड्यांना मध किंवा साखरपाणी चोळून तातडीने दवाखाना गाठावा. मादीची नसबंदीही पुढे ढकलू नये. माजानंतरच्या संप्रेरकांमुळे इन्सुलिनचा परिणाम घटतो.

घरच्या घरी लक्ष ठेवायला फारसा खर्च येत नाही. रोज प्यायलेले पाणी मोजावे आणि आठवड्याला वजन करावे. दहा किलोचा श्वान दिवसाला लिटरभराहून जास्त पाणी पीत असेल तर साखर आटोक्यात नसल्याची शक्यता असते.

व्यवस्था किती मदत करते?

इन्सुलिनवर ५ टक्के जीएसटी आहे, तर पाकीटबंद श्वानखाद्यावर १८ टक्के. म्हणजे ११८० रुपयांच्या पिशवीत १८० रुपये कराचे. गुरांच्या खाद्यावर कर नाही. आजारी श्वानाच्या खाद्यालाही वेगळी सवलत नाही. दिलासा मिळू शकतो तो पशुसंवर्धन विभागाच्या दवाखान्यांत, मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथील पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयासारख्या धर्मादाय संस्थांत. खासगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर उपचार थांबवण्याआधी तेथे चौकशी करावी.

खर्च झेपला नाही म्हणून श्वानाला रस्त्यावर सोडणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे १० ते ५० रुपये. आजारी श्वानाला सोडून देणे कायद्याने इतके स्वस्त ठेवले आहे. आणि १९२१ मध्ये टोरंटोत फ्रेडरिक बँटिंग व चार्ल्स बेस्ट यांनी इन्सुलिन शोधले, ते कुत्र्यांवरच्या प्रयोगांतूनच.