निदान नागपुरातच व्हावे

गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ व एक बिबट्या दगावले. रोग बर्ड फ्लूचा, हे भोपाळच्या प्रयोगशाळेकडून कळेपर्यंत २०२५ साल उजाडले. १८८९ साली पुण्यात स्थापन झालेली पशुरोग प्रयोगशाळा १८९३ मध्ये दूर मुक्तेश्वरला हलविली गेली. त्या काळी ते एकवेळ समजण्याजोगे होते. विदर्भात मात्र जंगल, गोठा आणि वस्ती एकमेकांना भिडलेली आहेत, आणि पशुविज्ञान विद्यापीठही नागपुरातच आहे. ‘वन हेल्थ’ संस्थेची कोनशिला येथे ११ डिसेंबर २०२२ रोजी बसविण्यात आली खरी. परंतु अशा रोगांचे अंतिम निदान करण्याचा अधिकार तिला मिळणार नसेल, तर नमुन्यांची भोपाळवारी चुकणार कशी? केंद्र सरकारने याचा स्पष्ट खुलासा करावा.