दश्शी मोठी की एक्का?

उन्हाळ्याच्या सुटीत बडोद्याच्या मराठी घरांतून मेंढीकोट, पाच-तीन-दोन, बदाम सात यांचे डाव रंगत. आता नातवंडांच्या हातांतल्या पत्त्यांवर पंखांचे सर्प आणि शिंगांचे राक्षस दिसतात, आणि वडीलधारी मंडळी 'हे कसले पत्ते!' म्हणून मान फिरवितात. ही उपेक्षा आम्हांस उचित वाटत नाही.

अमेरिकन गणितज्ञ रिचर्ड गारफील्ड यांनी 1993 साली 'मॅजिक: द गॅदरिंग' हा खेळ काढला; या जातीच्या खेळांचा तो मूळपुरुषच. त्यात पानांच्या जाती आहेत. जमिनीची पाने बळ पुरवितात, प्राण्यांची पाने लढतात. मंत्रांची दोन कुळे: एक सामान्यतः आपल्याच पाळीत चालणारे, दुसरे प्रतिपक्षाच्या पाळीतही. खरी मौज आहे ती तोडीत. मंत्राचे पान टाकले म्हणजे ते लगेच लागू होत नाही, क्षणभर थांबते. तेवढ्यात प्रतिपक्षाने तोड टाकावी, पहिल्याने त्या तोडीवर तोड टाकावी. आणि निकाल लावायचा तो शेवटच्या पानापासून मागे. एकदा मंत्र लागू झाला, की ही तोड व्यर्थ. जमीन मात्र मांडली की मांडली; तिला तोड नाही. नातवाने हे सांगावे आणि आजोबांनी ऐकावे, इतके ते तर्कशुद्ध आहे.

आजोबांपाशीही सांगण्यासारखे काही असावयास हवे होते. आपल्याकडे गंजिफा होता. बाबराने 1527 साली सिंधमध्ये शाह हसनाकडे गंजिफा धाडल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे आपल्या लोकांनी त्यात दशावतार बसविले: दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंत दहा, अशी एकशेवीस वाटोळी पाने. मत्स्याच्या पानांवर मासे, कूर्माच्या पानांवर कासवे, परशुरामाच्या पानांवर परशू. तिघांनी बसावे, वाट्याला चाळीस-चाळीस पाने. दिवसा डाव असेल तर ज्याच्याकडे राम त्याची उतारी, रात्री असेल तर ज्याच्याकडे कृष्ण त्याची.

यात हुकूम नाही. मेंढीकोटात हुकमाची दुर्री परक्या रंगाच्या राजाला मारते. गंजिफात तसा अन्याय नाही. ज्या रंगाची उतारी, त्याच रंगाच्या वरच्या पानाने हात न्यावा. पण 'वरचे' कोणते? निम्म्या रंगांत प्रधानाखाली दश्शी, मग नश्शी, असे उतरत एक्का सर्वांत हलका. उरलेल्या निम्म्यांत क्रम उलटा: प्रधानाखाली एक्का, आणि दश्शी तळाशी! शिवाय कोणत्या रंगाची वरची पाने पडून गेली, हे ध्यानात ठेवावे लागे. कारण वरची सारी गेली की हातातली पंजी-छक्कीही अजिंक्य ठरे. दहा रंगांचा असा हिशेब ठेवणारी डोकी आपल्याच माजघरांत होती.

सावंतवाडीची ही कला मावळू लागली, तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी 1970 च्या दशकात तिला राजवाड्यात आश्रय दिला. सत्वशीलादेवी गायकवाड घराण्यातल्या, म्हणजे बडोद्याची लेक. इथल्या वाचकांस याचा अभिमान वाटावा. चित्रकार पुन्हा हाती कुंचला घेऊ लागले. आज ती पाने विकत मिळतात, पण ती बहुधा काचेच्या चौकटीत जातात. चित्रे वाचली, डाव वाचला, असे म्हणवत नाही.

याचे कारण आम्हांस असे दिसते. नव्या खेळात पानाचे सामर्थ्य पानावरच छापलेले असते. न्यूजर्सीतले पोर आणि रावपुऱ्यातले पोर तेच वाचतात. गंजिफाच्या पानावर अक्षर नाही. कासवांत दश्शी मोठी की एक्का, हे कासवाकडे पाहून कळत नाही. ते कुणीतरी शेजारी बसून सांगावे लागते. घर सावंतवाडीहून, रत्नागिरीहून बडोद्यास आले. पेटीतून भांडी आली, देव आले, क्वचित गंजिफाचा डबाही आला असेल. सांगणारे माणूस मागे राहिले, तर डब्यात नुसती चित्रे उरली.

आमच्या वाचकांपैकी कुणाच्या घरी असा डबा असेल, किंवा कुणा आजीस, आत्यास हा डाव आठवत असेल, तर त्यांनी आम्हांस अवश्य कळवावे. उतारी कशी करीत, उलटे रंग कसे ओळखीत, उतारीच्या रंगाचे पान नसल्यास काय टाकीत, हे त्यांच्याच शब्दांत हवे. पत्र लांबले तरी चालेल.